लेखनिकाची कृतार्थता



ज्या वास्तूत पाटी-दप्तर घेऊन पहिले पाऊल टाकले, त्याच वास्तूत व्याख्याता म्हणून उभे राहण्याचा प्रसंग येईल असे मला कधी वाटले नव्हते. व्याख्यानमालेचे निमंत्रण आले तेव्हा मी चिटणीसांना स्पष्टच लिहिले की, या व्यासपीठावर आजवर ग्रंथकार आणि प्राध्यापक येऊन गेले; माझ्या नावावर एकही ग्रंथ नाही; आपली काही गफलत तर झाली नाही ना? त्यांचे उत्तर दोन ओळींचे होते. "गफलत नाही. ज्यांच्या स्मरणार्थ ही माला चालते त्यांच्याही नावावर ग्रंथ नव्हता." या उत्तरापुढे मला बोलता आले नाही आणि आजचा विषयही त्याच उत्तरातून मिळाला.

आमचे ग्रंथपाल-मास्तर या सभागृहातील प्रौढ मंडळींना आठवत असतील. शिपायाने घंटा दिली की मधल्या सुट्टीत जिन्याखालच्या खोलीचे दार उघडून ते बसत. मी १९६८ साली या शाळेतून बाहेर पडलो आणि १९७४ पासून ३६ वर्षे हस्तलिखिते व जुनी कागदपत्रे जतन करणाऱ्या कचेरीत नोकरी केली. संशोधकाने मागितलेला रुमाल काढून द्यायचा, मोडी लागत नसेल तर लावून द्यायची, सूची करायची, कसर लागलेली पाने वेगळी काढायची, हे माझे काम. दुसऱ्याच्या कार्यास हातभार लावण्यात ज्याचे आयुष्य गेले त्याला कृतार्थ म्हणावे काय, आणि म्हणायचे तर कशाच्या आधारावर, हा प्रश्न मी आज इतिहासाला विचारणार आहे. त्यात माझाही एक जुना हिशेब गुंतलेला आहे. तो शेवटी मांडीन.

१. नक्कल करणारा हात

आपल्याकडील जुन्या हस्तलिखित पोथ्या ज्यांनी हाताळल्या आहेत त्यांना शेवटच्या पानाची गोडी ठाऊक असते. ग्रंथ संपल्यावर तेथे नक्कल करणारा लेखक काही शब्द स्वतःचे लिहितो. शक, संवत्सर, तिथी, गाव, कोणासाठी लिहिले ते, आणि कधी स्वतःचे नाव. देशभरच्या पोथ्यांतून थोड्याफार फरकाने काही संस्कृत श्लोक पुनःपुन्हा आढळतात. त्यांचा आशय असा, की जसे पाहिले तसेच मी लिहिले, चूक असल्यास मला दोष देऊ नये. पाठ, कंबर आणि मान वाकवून, दृष्टी खाली खिळवून कष्टाने हे लिहिले आहे, तरी जपून ठेवावे. तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून हिला वाचवावे आणि मूर्खाच्या हाती देऊ नये.

प्रथम वाचताना हे श्लोक विनोदी वाटतात. शंभरदा वाचल्यावर त्यातील गांभीर्य कळते. ग्रंथ माझा नाही हे लेखनिक जाणतो. त्यावर तो हक्क सांगत नाही. परंतु श्रम माझे आहेत आणि त्यांची काळजी घेणे तुमच्याकडे लागते, हे मात्र तो बजावून सांगतो. नम्रता आणि स्वाभिमान यांचा इतका चोख मेळ मला पुढे कोणत्याही प्रस्तावनेत आढळला नाही.

मराठ्यांच्या राज्यकारभारात या लेखनिकाला चिटणीस, फडणीस, दफ्तरदार, कारकून अशी नावे मिळाली. आज ती आपल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांची आडनावे होऊन बसली आहेत, त्यामुळे त्यामागील काम आपल्याला दिसेनासे झाले. पेशव्यांच्या दफ्तरात रोजच्या जमाखर्चाची रोजकीर्द असे. ती मोडून विषयवार घडण्या होत. त्यांवरून तर्जुमे आणि ताळेबंद बनत. एकाच रकमेचा मार्ग अनेकांच्या हातांतून जाई आणि प्रत्येक हात मागच्या हातावर विसंबून असे. मधल्या एका कारकुनाने आळस केला तर पुढचा ताळेबंद खोटा ठरे. पत्रांची गोष्टही तीच. वर शिक्का धन्याचा, शेवटी मोर्तब धन्याचे, मजकुराची आज्ञा धन्याची. पण अक्षर मात्र दुसऱ्याच कोणाचे तरी.

त्या अक्षरांचे धनी बहुतेक अनाम राहिले. शिवछत्रपतींचे चिटणीस बाळाजी आवजी हा ठळक अपवाद. १६८१ साली संभाजीराजांच्या रोषास बळी पडून त्यांचा अंत झाला. तरीही त्यांचे पुत्र खंडो बल्लाळ यांनी पुढे त्याच राज्याची चिटणिशी केली. या घराण्याचे नाव आपल्याला इतके परिचित असण्याचे एक कारण असे की, त्याच वंशातील मल्हार रामराव चिटणीस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी साताऱ्यास शिवछत्रपतींची बखर लिहिली. लेखणी ज्यांच्या घरी टिकली त्यांचे नाव टिकले. ज्यांच्या घरी कोणी बखर लिहिली नाही ते कारकून रुमालांत गुंडाळले जाऊन निजले आहेत.

२. बडोद्याची पेटी

आता आपल्या बडोद्याकडे येऊ. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, ही गोष्ट या शाळेच्या विद्यार्थ्यास नव्याने सांगावयास नको. परंतु साक्षर झालेल्या मुलाच्या हाती पुस्तक पडले नाही तर ते चार वर्षांत अक्षर विसरते, हे महाराजांनी ओळखले. अमेरिकेतील ग्रंथालये त्यांनी पाहिली होती. १९१० साली त्यांनी विल्यम अॅलन्सन बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास आणले. बॉर्डन जेमतेम तीन वर्षे राहिले. त्या अवधीत त्यांनी मध्यवर्ती ग्रंथालयाची घडी बसविली, वर्गीकरणाची पद्धत आखली आणि ग्रंथपालांसाठी शिक्षणवर्गही चालविला.

इतिहासाच्या पुस्तकांत ही कथा साधारणपणे येथे संपते. महाराज आणि बॉर्डन, अशी दोन नावे नोंदली की प्रकरण पुरे होते. माझ्यासारख्या माणसाला मात्र पुढचा प्रश्न पडतो. १९१३ साली बॉर्डन परत गेल्यावर हा गाडा कोणी ओढला? त्याचे उत्तर जनार्दन सखाराम कुडाळकर, न्यूटन मोहन दत्त आणि मोतीभाई अमीन या नावांत आहे. कुडाळकरांनी बॉर्डननंतर खात्याची धुरा उचलली व १९१९ साली या चळवळीचा वृत्तांत ग्रंथरूपाने लिहून ठेवला. दत्तांनी पुढे तेच काम केले.

मोतीभाईंचे काम गावोगावचे होते. ते मूळचे शिक्षक. बॉर्डन येण्यापूर्वीच त्यांनी मित्रमंडळ पुस्तकालये सुरू केली होती. खात्यात त्यांचा हुद्दा साहाय्यकाचा होता. आज गुजरातेत ग्रंथालय चळवळीचे जनक म्हणून नाव घेतले जाते ते मात्र त्यांचेच. योजना अशी होती की गावाने काही रक्कम जमवली तर तितकीच प्रांत पंचायतीने घालायची आणि तितकीच सरकारने. कागदावर हे सूत्र एका ओळीचे आहे. ती ओळ खरी करण्यासाठी कोणीतरी गावी जाऊन पाटलाशी बोलावे लागते, वर्गणी गोळा करावी लागते, देवळाची किंवा धर्मशाळेची एक खोली मोकळी करून घ्यावी लागते. ज्या गावांत तेवढेही शक्य नव्हते तेथे फिरत्या ग्रंथालयाच्या लाकडी पेट्या जात. पेटी भरणारा कोण, ती गाडीत चढवणारा कोण, गावी उतरवून घेणारा शिक्षक कोण, परत आल्यावर फाटलेले पुस्तक शिवणारा कोण? अहवालात पेट्यांची संख्या मिळते; माणसांची मिळत नाही.

मी हे तक्रारीच्या सुरात सांगत नाही. अहवालाचे ते कामही नव्हे. परंतु एवढे ध्यानात घ्यावे की महाराजांची दूरदृष्टी आणि खेड्यातील मुलाचे वाचन यांच्यामध्ये जे अंतर होते ते त्या अनाम माणसांनी पायी कापले.

३. वाचून दाखविणारा इतिहासकार

गोविंद सखाराम सरदेसाई हे नाव महाराष्ट्रात रियासतकार म्हणून प्रसिद्ध आहे. बडोद्यात मात्र ते १८८९ च्या जानेवारीत आले ते सयाजीरावांचे वाचक म्हणून. महाराजांना पुस्तके वाचून दाखवावयाची, हे त्यांचे काम. पुढे राजपुत्रांना शिकविणे आले, हिशेब आले, प्रवासात बरोबर जाणे आले. महाराजांच्या इच्छेने मॅकिआव्हेली आणि सीली यांच्या ग्रंथांचे मराठी अनुवादही त्यांनी केले. सरदेशमुखीचा दिमाख या नोकरीत नव्हता. धन्याच्या वेळेवर आपला दिवस बांधलेला. धन्याची लहर फिरली की बेत मोडलेला. अशी ३६ वर्षे त्यांनी काढली.

रियासतीचा उगम या सेवेत आहे, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. राजपुत्रांना इतिहास शिकविण्यासाठी त्यांनी टिपणे काढावयास आरंभ केला. मराठीत सलग इतिहास नाही हे त्या निमित्ताने त्यांच्या ध्यानी आले. टिपणांचे ग्रंथ झाले. १८९८ साली मुसलमानी रियासत निघाली आणि १९०२ पासून मराठी रियासतीचे भाग येऊ लागले. दुसऱ्याला शिकविण्यासाठी केलेली तयारी हेच त्यांचे स्वतःचे कार्य बनले.

त्यांच्यावर टीकाही झाली. हे संशोधक नव्हेत, इतरांनी छापलेली साधने जुळवून लिहिणारे संकलक आहेत, असे पुण्यातील काही अभ्यासकांचे म्हणणे होते. या टीकेत तथ्य नव्हतेच असे मी म्हणणार नाही. रियासतीतील अनेक विधाने पुढील संशोधनाने बदलावी लागली. परंतु विखुरलेले एकत्र करणे हे हलके काम आहे, हा जो त्या टीकेतील गर्भित अर्थ, तो मला मान्य नाही. राजवाडे, खरे, पारसनीस यांनी साधनांच्या राशी उभ्या केल्या; सामान्य मराठी वाचकाला त्या राशीतून चालत जाण्याची वाट सरदेसायांनी पाडून दिली.

१९२५ साली निवृत्त होऊन ते इंद्रायणीकाठी कामशेतला राहावयास गेले. वय साठ. खरे तर येथे विश्रांती घ्यावयाची. परंतु पुण्याच्या पेशवे दफ्तरातील निवडक कागद प्रसिद्ध करण्याचे ठरले तेव्हा जदुनाथ सरकारांच्या शिफारशीवरून ते काम त्यांच्याकडे आले. ते दफ्तर म्हणजे सुमारे ३५,००० रुमालांचा डोंगर, आणि त्यातील बहुतांश मोडी. १९३० ते १९३४ या काळात ४५ खंड बाहेर पडले. मुखपृष्ठावर संपादकाचे नाव सरदेसाई असे आहे आणि ते योग्यच आहे. पण पासष्टीच्या माणसाने एकट्याने एवढे रुमाल सोडणे व बांधणे शक्य नव्हते, हे ज्याने एक तरी रुमाल सोडला आहे त्याला सांगावे लागत नाही. धूळ झटकणारे, मोडी वाचणारे, बालबोधीत नक्कल करणारे, मुद्रिते ताडून पाहणारे असे अनेक हात त्या ४५ खंडांत आहेत.

जदुनाथ सरकार आणि सरदेसाई यांचा स्नेह हा तर या विषयाचा जणू आदर्श पाठच. एक बंगाली, एक मराठी. एकाची फारसीवर हुकमत, दुसऱ्याची मोडीवर. पन्नास वर्षांहून अधिक काळ त्यांनी एकमेकांना पत्रे लिहिली, कागद पुरविले, चुका दाखविल्या. सरकार कामशेतला येऊन राहत. पुणे रेसिडेन्सीच्या पत्रव्यवहाराचे खंड दोघांनी मिळून हाती घेतले. यांतील कोण कोणाचा साहाय्यक, असे विचारले तर उत्तर देता येत नाही. मला वाटते, साहाय्याची उत्तम अवस्था ती हीच. १९५७ साली सरदेसायांना पद्मभूषण मिळाले. १९५८ साली सरकार गेले, १९५९ साली सरदेसाई गेले.

४. मृताची टिपणे

सरदेसायांना अखेर कीर्ती लाभली. म्हणून त्यांचे उदाहरण एका अर्थाने सोपे आहे. आता एक कठीण उदाहरण घेतो.

मध्यवर्ती ग्रंथालयाच्या संस्कृत विभागात चिमणलाल डाह्याभाई दलाल नावाचे विद्वान होते. पाटणच्या जैन भांडारांतील ताडपत्रे तपासण्यासाठी संस्थानाने त्यांना पाठविले. ही भांडारे म्हणजे शतकानुशतके कुलुपात राखलेली संपत्ती. राखणाऱ्यांचा विश्वास मिळवल्यावाचून पेटी उघडत नाही. उघडली तरी ठिसूळ ताडपत्र हळुवारपणे उलटावे लागते. ग्रंथाचे नाव, कर्ता, पानांची संख्या, लांबी-रुंदी, आरंभ, शेवट, लेखनाचा संवत, नक्कल करणाऱ्याचे व करविणाऱ्याचे नाव, अशी प्रत्येक पोथीची नोंद. पुढे जेसलमेरच्या भांडारांचीही त्यांनी पाहणी केली. गायकवाड प्राच्य ग्रंथमाला जी सुरू झाली तिचा पहिला ग्रंथ, राजशेखराची काव्यमीमांसा, १९१६ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या संपादकांत दलाल होते. दोनच वर्षांनी, १९१८ साली, त्यांचा मृत्यू झाला. सूची अपुऱ्या राहिल्या. उरली ती टिपणे.

ती टिपणे पंडित लालचंद्र भगवानदास गांधी यांच्या हाती आली. जेसलमेरची सूची १९२३ साली निघाली. पाटणच्या ताडपत्रांची सूची १९३७ साली, म्हणजे दलालांच्या मृत्यूनंतर १९ वर्षांनी. तिच्या मुखपृष्ठावर स्पष्ट म्हटले आहे की कैलासवासी दलाल यांच्या टिपणांवरून ही सिद्ध केली.

दुसऱ्याची टिपणे पुरी करणे म्हणजे काय, हे ज्याने केले त्यालाच ठाऊक. अक्षर लागत नाही. संक्षेपाच्या खुणा त्या माणसाच्या मनात असतात, कागदावर नसतात. येथे प्रश्नचिन्ह आहे ते त्याच्या शंकेचे की पोथीतील तुटीचे? विचारायला माणूस नाही. अशा वेळी दोन मोह असतात. एक, सर्व नव्याने करून आपले नाव घालावे. दुसरा, जसे आहे तसे छापून मोकळे व्हावे. लालचंद्रजींनी दोन्ही मोह टाळले. दलालांचे ते दलालांचे राहू दिले आणि आपली विद्वत्ता त्याच्या सेवेस लावली.

आणि दलाल स्वतः तरी काय करीत होते? सूची ही दुसऱ्याला वाट दाखविण्यासाठीच असते. ती सलग कोणी वाचत नाही. ज्याला हवे ते सापडले तो पान मिटून पुढे जातो. तेव्हा येथे एका साहाय्यकाचे काम दुसऱ्या साहाय्यकाने पुरे केले, तेही अशा वाचकांसाठी की ज्यांतील पुष्कळ त्या वेळी जन्मलेही नव्हते.

याच परंपरेत पुण्याच्या भांडारकर संस्थेचे परशुराम कृष्ण गोडे बसतात. १९१९ पासून १९६१ साली मृत्यू येईपर्यंत ते तेथील हस्तलिखितांचे अभिरक्षक होते. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे प्रचंड काम त्याच वास्तूत चालले होते. सुखठणकरांचे नाव त्या कार्याशी जोडलेले आहे. गोडे देशोदेशींच्या अभ्यासकांच्या शंकांना उत्तरे देत, पोथ्या शोधून देत. आणि हे करता करता त्यांनी फटाके, तंबाखू, चष्मा, नथ अशा विषयांवर शेकडो निबंध लिहिले. पोथी दुसऱ्यासाठी काढताना जे दृष्टीस पडले ते त्यांनी वाया जाऊ दिले नाही. सेवेने त्यांचे संशोधन बुडाले असे म्हणता येत नाही. ते सेवेतूनच उगवले.

आपल्या बडोद्यातही प्राच्यविद्या मंदिराने १९५१ मध्ये वाल्मीकिरामायणाच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले आणि १९७५ मध्ये सातवे कांड प्रसिद्ध करून ते तडीस नेले. अशा आवृत्तीत प्रत्येक श्लोकाखाली बारीक टाइपात पाठभेद दिलेले असतात. वाचक वरचा श्लोक वाचतो. खालची ओळ मात्र कोणीतरी वेगवेगळ्या लिपींतील पोथ्या अक्षर न् अक्षर ताडून मिळवलेली असते. काही वेळा दिवसभर ताडून निष्पन्न इतकेच होते की या पोथीत भेद नाही. ते "नाही" देखील खात्रीने म्हणता आले पाहिजे.

५. माझा हिशेब

आता कबूल केल्याप्रमाणे स्वतःचा हिशेब.

नोकरीच्या पहिल्या दहा वर्षांत मला एका विषयाचा ध्यास लागला होता. आमच्या संग्रहातील काही घराण्यांच्या खर्चाच्या वह्यांवरून लहान गावातील कारागिरांचे जीवन मांडावे, असा बेत होता. दोन जाड वह्या टिपणांनी भरल्या. पण दिवसा दुसऱ्यांचे रुमाल, रात्री घरचा संसार. आज लिहू, उद्या लिहू, यात वर्षे गेली. विषय हातात राहिला. ग्रंथ झाला नाही.

मग एके दिवशी परगावची एक तरुण अभ्यासक आली. तिने विषय सांगितला आणि माझ्या छातीत धस्स झाले. तो माझाच विषय होता. मी तिला मागेल ते रुमाल दिले, पण त्या दोन वह्यांचा उच्चार केला नाही. आठ दिवस ती माझ्यासमोर बसून, जे मी पूर्वीच शोधून ठेवले होते ते पुन्हा शोधत होती. मी पाहत होतो. हे सांगताना आजही मला संकोच वाटतो. कारण माझे काम शोधणाऱ्याला सापडवून देणे हे होते आणि त्या आठ दिवसांत मी नेमके त्याच्या उलट वागलो.

नवव्या दिवशी वह्या दिल्या. त्यागाच्या भावनेने दिल्या असे म्हणणार नाही. घरी पत्नीला सारे सांगितले तेव्हा ती एवढेच म्हणाली, "तुम्ही आता ते लिहिणार आहात का?" ती प्राथमिक शाळेत शिकवीत असे, प्रश्न सरळ विचारण्याची तिला सवय होती. उत्तर मला ठाऊक होते. ते "नाही" असे होते.

त्या मुलीचा ग्रंथ चार वर्षांनी निघाला. मी लिहिला असता त्याहून तो चांगला झाला, हे मी वाचक म्हणून सांगतो. माझ्या टिपणांतील तीन चुका तिने दाखवून दिल्या आणि एका प्रकरणात तिचे काही अनुमान मला पटले नाही, ते मी तिला कळविले. पुढच्या आवृत्तीत तिने ते बदलले. प्रस्तावनेत माझा उल्लेख आहे. तो वाचून आनंद झाला, हे नाकारण्यात अर्थ नाही.

याच्या उलट अनुभवही आला. एका विद्वानांनी मी वर्षभर खपून केलेली सूची आपल्या ग्रंथाच्या परिशिष्टात जशीच्या तशी घातली आणि कोठेही ती कोणाची हे म्हटले नाही. ते नाव मी घेणार नाही. परंतु त्या प्रसंगाने मला एक गोष्ट शिकविली. ती सूची वापरून पुढे इतर तिघांनी चांगले काम केले. तेव्हा सूचीचे मोल नाहीसे झाले नाही. अन्याय मात्र झाला, आणि मोल शिल्लक राहिले म्हणून अन्याय न्याय ठरत नाही. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवण्यास मला पुष्कळ वर्षे लागली.

साहाय्यकांचा गौरव करताना आपण त्यांना पायाचा दगड म्हणतो. हेतू चांगला असतो, पण ही उपमा मला कधी आवडली नाही. दगडाला कोणी विचारत नाही आणि दगड काही जाणत नाही. लेखनिक जाणतो. हा पाठ चुकीचा आहे, ही तारीख जुळत नाही, हा कागद बनावट दिसतो, असे तो धन्याला सांगू शकतो आणि त्याने सांगितले पाहिजे. सरदेसायांना चूक दाखविणारे सरकार, सरकारांना मोडी कागद पुरविणारे सरदेसाई, दलालांच्या टिपणांवर विचार करणारे लालचंद्रजी, यांतील कोणीही दगड नव्हते. जेथे साहाय्यकाला बोलण्याची मुभा नाही तेथे उरते ती निव्वळ राबणूक. तिला कृतार्थतेचे नाव देऊन गोड करणे हे राबविणाऱ्याच्या सोयीचे असते.

म्हणून मला सापडलेले उत्तर मर्यादित आहे. दुसऱ्याच्या कार्यास लागलेले आयुष्य आपोआप कृतार्थ होत नाही आणि आपोआप वायाही जात नाही. आपण जे दिले ते अचूक होते का, ते योग्य वेळी दिले का, आणि देताना आपले डोळे उघडे होते का, यावर ते ठरते. त्या आठ दिवसांचा जाब मी स्वतःला देतो. उरलेल्या ३६ वर्षांविषयी मला खंत नाही.

आता शेवटची गोष्ट. हे व्याख्यान लिहिण्यापूर्वी मुख्याध्यापिकाबाईंच्या परवानगीने मी शाळेच्या कपाटातील जुनी दप्तरे पाहिली. हल्ली कागद यंत्रासमोर धरून त्यांची चित्रे काढतात. पूर्वीच्या काळी नोंदवही हेच सर्वस्व. त्यात आमच्या ग्रंथपाल-मास्तरांची पुस्तक देवघेवीची वही मिळाली. तारीख, मुलाचे नाव, इयत्ता, पुस्तक, परत आल्याची खूण, असे नेहमीचे रकाने. शेवटचा रकाना "शेरा" असा आहे. तेथे बहुतेक ग्रंथपाल "पान फाटले" किंवा "दंड" असे लिहितात. मास्तरांनी तेथे पेन्सिलीने दुसरेच लिहिले आहे. या मुलाला प्रवासवर्णन आवडते. हिला पुढच्या वेळी चरित्र द्यावे. याने अर्धेच वाचले, पुस्तक जड गेले, सोपे शोधणे. पानेच्या पाने अशी भरलेली आहेत. या शेऱ्यांविषयी आम्हा मुलांना काडीची कल्पना नव्हती. पुस्तक आपणच निवडले असे आम्हांला वाटे.

माझ्या नावापुढे, मी सातवीत असताना, लिहिले आहे : "जुन्या गोष्टींविषयी विचारतो. इतिहासाचे कपाट दाखविणे."

ते कपाट त्यांनी मला कोणत्या दिवशी दाखविले ते मला आठवत नाही. माझे सारे आयुष्य त्या कपाटापुढे गेले. शाळेला माझी एवढीच विनंती की ही वही जपून ठेवावी. तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून.